शर्मिष्ठेचा मुराळी

पेपरात शमूचा फोटो आला की पराग आधी मला फोटो दाखवतो, मग बातमी वाचतो. मी चौथीपर्यंत शिकलेली. हिंदी पेपरातली मुंगीएवढी अक्षरं आता डोळ्यांना दिसत नाहीत. पण त्या रविवारी त्यानं पेपराची घडी करून मांडीखाली दाबली आणि मान खाली घालून पोहे खायला लागला.

"काहून रे? कोण मेलं?"

"कोई नहीं मरा, आई."

"मग पेपर कायले उबवून राहिला? अंडी देते काय तो?"

माझी सून ममता ओट्याजवळ तोंड फिरवून हसली. परागनं नाइलाजानं पेपर काढला आणि वाचला. शमू, म्हणजे माझी मुलगी शर्मिष्ठा, रायपूरला येत होती. पोरींच्या बास्केटबॉलची नवी लीग निघाली म्हणे, त्यात हैदराबादच्या टीमची ती कॅप्टन. रायपूरच्या टीमशी सामना एक सप्टेंबरला, दुपारी चार वाजता, बूढा तालाबाजवळच्या इनडोअर स्टेडियममध्ये. टीम उतरणार शंकर नगरातल्या हॉटेलात. खाली हेही लिहिलं होतं की ही लीग संपली की ती खेळणं सोडणार आणि स्पेनमध्ये कायमची राहून तिथल्या पोरींना शिकवणार.

'कायमची' त्यानं हळू वाचलं. जसं काही हळू वाचलं तर मला ऐकू येणार नव्हतं.

एक सप्टेंबर म्हणजे आमच्या महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस.

"घरी येते म्हणाली काय?"

"बोली, टाइट शेड्यूल है."

सहा वर्षं झाली होती तिला ह्या घरात पाय ठेवून. आता गावात येणार आणि हॉटेलात झोपणार. आमच्या भनपुरीहून शंकर नगर किती, ऑटोनं अर्धा तास, ट्रक आडवे आले तर पाऊण.

"नाही येत तं नको येऊ," मी म्हटलं. "मी काही तिच्या पाया पडायले जात नाही."

आणि प्लेटा उचलल्या. परागच्या प्लेटमध्ये अजून पोहे होते, ते मला नळाखाली धरल्यावर दिसलं.

शमू अकरा वर्षांची होती तेव्हाच पाच फूट सात इंच. तेव्हा आम्ही रेल्वे कॉलनीत राहायचो. तिचे वडील दिवाकरराव वॅगन कारखान्यात फिटर. कॉलनीतल्या बाया मला विचारायच्या, "सुशीला, पोट्टीले खाऊ काय घालते वं?" मी म्हणायची, "तुमच्या नजरा." कारखान्यातलेच तुळशीराम सर संध्याकाळी सिमेंटच्या मैदानावर पोरींना बास्केटबॉल शिकवायचे. दोन खांब, त्यातल्या एकाची रिंग वाकलेली. एक दिवस ते दारात उभे. "भाभी, ये लड़की मुझे दे दो."

"देऊन टाकायले ती काय बादली आहे?" मी म्हटलं. पण दिली.

सर म्हणाले, रोज चार अंडी पाहिजेत. आमच्या घरात कोणी अंड्याला शिवत नव्हतं. मी मागच्या अंगणात वेगळा स्टोव्ह मांडला, वेगळं पातेलं घेतलं, आणि पहाटे साडेपाचला नाकाला पदर लावून अंडी उकडायला लागली. सासूबाई दोन महिने माझ्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. मी त्यांना माठ दाखवला, म्हटलं, तुमच्या हातानं घ्या. तिच्या पायाचा जोडा आख्ख्या गोल बाजारात मिळायचा नाही. दुकानदार म्हणायचा, जेंट्समध्ये दाखवू काय? मी म्हणायची, दाखव, पाय काय विचारून वाढतो?

मग ती राज्याकडून खेळली, मग देशाकडून. एकोणिसाव्या वर्षी खेळाच्या कोट्यातून रेल्वेत नोकरी लागली. बाविसाव्या वर्षी देशाची कॅप्टन झाली. स्टेशनवर ढोल, हार, गुलाल, आमदार. सहा फूट एक इंचाची माझी पोट्टी, हार घालायला आमदाराला पायरीवर चढावं लागलं. मी मागे उभी होती आणि नुसतं पाहूनच माझं पोट एवढं भरलं होतं की घरी येऊन मी जेवली नाही.

चोविसाव्या वर्षी पोलंडच्या एका क्लबानं बोलावलं. तिकडं म्हणे खेळणं हीच नोकरी. तिनं मला न विचारता रेल्वेचा राजीनामा दिला. मला कळलं ते तिचे वडील जेवता जेवता बोलून गेले म्हणून.

"तुह्या बापानं जन्मभर वंगणात हात घालून जी रेल्वे धरून ठेवली, ती तू एका चेंडूसाठी सोडली," मी म्हटलं.

"आई, मले अजून चांगलं खेळायचं आहे," ती म्हणाली. एवढंच.

तिनं चांगलं खेळून दाखवलं. आठ वर्षं पोलंडात, तीन स्पेनमध्ये. तिथल्या गोऱ्या पोरी पाठीवर तिचं नाव छापलेले बनियन घालून फिरतात, परागनं फोनवर दाखवलं. कप जिंकल्याचा फोटो, दात पडल्याचा फोटो, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा उभी राहिल्याचा फोटो. फोटो मी पाहायची. खेळ मात्र कधी पाहिला नाही, मैदानावर नाही आणि फोनवरही नाही. ती पडली तर इथं बसून मी काय करणार?

दिवाकरराव गेले तेव्हा आली, तेराव्यापर्यंत राहिली. निघताना दारात उगीच उभी राहिली, बॅगेचा पट्टा सारखा करत, बॅग ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत. मी म्हटलं, "पोहोचली की फोन करजो." ती हो म्हणाली आणि गेली. त्यानंतर दर रविवारी फोन. जेवली काय? जेवली. तू? मी पण. तिथं थंडी? आहे. मग फोन ठेवायचा. परदेशात राहून तिची मराठी टिकली आणि भनपुरीत राहून परागची गेली, पण त्या टिकलेल्या मराठीत आम्ही दोघी दुसरं काही बोलत नव्हतो. 'ये' मी कधी म्हटलं नाही.

काहून म्हणायचं? ये म्हणतात ते पाहुण्याला. आमच्याकडे दिलेली मुलगी आपली आपण माहेरी येत नाही. तिला न्यायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुराळी म्हणतात. माझी नणंद इंदूताई सत्तर वर्षांची झाली, नातवाचं लग्न झालं, तरी महालक्ष्म्यांना पराग गोंदियाला जाऊन तिला घेऊन येतो तेव्हाच ती येते. आधी दिवाकरराव जायचे. मुराळी रिकाम्या हातानं जात नाही, तिच्या सासरच्या मोठ्या माणसाला विचारतो, दोन दिवस पाठवा म्हणतो, मग निघतात. पण शमूचं लग्न झालं नाही. ती कोणाला दिली नाही. घर तिचं. घरच्या पोरीला मुराळी पाठवायचा म्हणजे तिला परकी करायची. मी हे असं धरून बसली होती आणि मला वाटायचं, हे तिला माहीत आहे.

शनिवारी पराग इंदूताईला घेऊन आला. तिनं हातपाय धुतले, पाण्याचा पेला हातात घेतला आणि प्यायच्या आधी विचारलं, "वहिनी, शमूले आणायले कोण गेलं?"

"ती काय सासरी आहे? तिले कायले मुराळी? घर तिचं आहे, यायचं तं येईल."

"हे तिले सांगतलं काय कधी?"

"आईच्या घरी यायले चिठ्ठी लागते काय ताई?"

इंदूताईनं पेला खाली ठेवला. "ती मले दरवर्षी फोन करते. महालक्ष्म्या उठल्या की दोन दिवसांनी, नेमानं."

हे मला माहीत नव्हतं. मी पडवळ चिरत होती, सोळा भाज्यांची तयारी चालली होती.

"काय म्हणते?"

"एकच विचारते. आत्या, तुले न्यायले कोण आलं? मी म्हणते पराग. मग विचारते, कोणत्या गाडीनं आला, आईनं त्याच्यासंगं काय पाठवलं, तू निघताना सासरी काय बोलला. लेकरू गोष्ट ऐकते तसं सगळं ऐकते. मागच्या वर्षी मीच म्हटलं, तू काहून येत नाही वं? तं म्हणे, मले न्यायले कोणी येतच नाही, आत्या."

ममता मैदा चाळत होती, ती चाळायची थांबली. मी पडवळाच्या चकत्या केल्या, सगळ्या जाड्या-बारक्या झाल्या. अकरा वर्षं. मी तिला घरची ठेवली म्हणून मनात मोठी होत होती, आणि ती तिकडं बसून मोजत होती की माहेरी न्यायच्या पोरींमध्ये आईनं तिला धरलंच नाही.

"मैं चला जाता हूँ आई," पराग म्हणाला. "होटल जा के बोल देता हूँ."

"तू बस. न बोलावणारी मी, तं जाणार मीच."

"बाई मुराळी नसते वहिनी," इंदूताई म्हणाली. "अन् तू तं..."

"विधवा. म्हण ना. शब्द गिळून कायले राहिली, पोटात दुखेल."

"मी तसं नाही म्हटलं."

"म्हण, नको म्हणू. जेवणाच्या दिवशी पूजा ममता करते, नैवेद्य ममता दाखवते, मी नुसती सांगायची धनी. मग हातपाय रिकामेच आहेत माझे. जाऊन येते."

सोमवारी दुपारी नैवेद्य झाला, आरती झाली, सवाष्णी जेवून उठल्या. मी डब्यात सहा पुरणपोळ्या भरल्या, धुवट पंच्यात बांधल्या. पराग गाडीची किल्ली घेऊन मागे मागे फिरत होता. त्याला म्हटलं, पंगत उरकायची आहे, इथं राहा. ऑटोवाल्याला सांगितलं, बूढा तालाब.

स्टेडियमच्या दाराशी एक पहारेवाला, मिशीचा.

"अम्मा, टिकट?"

"पोरीले न्यायले आली."

"ये स्कूल नहीं है अम्मा, मैच चल रहा है."

"मले माहीत आहे काय चाललं आहे. जिची मॅच पाहायले तुम्ही दार धरून उभे, ती माझी पोरगी आहे."

"सुबह से सात लोग बोल चुके हैं. एक तो उनके मामा थे."

तिला मामाच नाही. पण ते त्याला सांगण्यात काही अर्थ नव्हता. मी खिडकीवर जाऊन टिकट काढलं. पोटच्या पोरीला पाहायला टिकट.

आत एवढा गलका की कानात दडे बसले. मी वरच्या पायरीवर बसली, डबा मांडीवर. तिला शोधावं लागलं नाही. सगळ्यांत उंच, केस मागे घट्ट बांधलेले, डाव्या गुडघ्याला काळा पट्टा. कानाजवळ पांढरे केस होते. फोटोत ते कधी दिसले नव्हते.

खेळाचं मला काही कळत नाही. पण इतकं कळलं की ती धावते कमी. बाकीच्या पोरी वीस-बावीस वर्षांच्या, हरिणींसारख्या सुटायच्या. ही चालल्यासारखी जायची आणि चेंडू जिथं येणार तिथं आधीच उभी असायची. चेंडू हातात आला की क्षणभर थांबायची, नजर एकीकडे आणि चेंडू भलतीकडे, आपल्याच कोणा पोरीच्या हातात नेमका. माझ्या शेजारी कॉलेजातल्या पोरी होत्या, त्या रायपूरच्या टीमसाठी ओरडत होत्या. पण शमूनं दोघींच्या मधून हात काढून चेंडू रिंगमध्ये टाकला तेव्हा त्यांतली एक म्हणाली, "यार, अपनी ही तो है." मी तिच्याकडे पाहिलं, पण बोलली नाही. बोलायला लागली असती तर थांबता आलं नसतं.

मग ती पडली. एका आडदांड पोरीचा धक्का लागला आणि ती लाकडी जमिनीवर आदळली. तो आवाज वरपर्यंत आला. मी उभी राहिली, डबा घट्ट धरून. ती तिथं तशीच दोन-तीन श्वास बसून राहिली, पट्टा सारखा केला, हाताचा टेकू घेतला आणि उठली. कोणी हात दिला नाही, तिनं मागितलाही नाही. मला वाटलं, हे अकरा वर्षं असंच होत असणार. आणि मी दर रविवारी विचारत होती, तिथं थंडी आहे काय.

हैदराबाद पाच-सात पॉइंटांनी हरलं. तरी सगळे तिच्याभोवतीच जमले, फोन वर करून. मी पायऱ्या उतरून कठड्यापाशी गेली. हाक मारायची होती, पण एवढ्या लोकांत शमे म्हणू की शर्मिष्ठा, ते ठरेना. तोवर तिनंच पाहिलं. हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली. ती माणसं बाजूला सारत आली आणि कठड्यापलीकडे उभी राहिली. मी वर, ती खाली, म्हणून पहिल्यांदा आमचे डोळे सारखे झाले.

"आई? तू कशी काय? कोणाले काही झालं काय?"

"कोणाले काही नाही झालं. तुले न्यायले आली."

तिनं माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"मुराळी आली," मी म्हटलं. "उशीर झाला. अकरा वर्षं. ट्रक आडवे आले."

तिला हसू आलं, आणि त्यातच तोंड वाकडं झालं. तिनं टॉवेलनं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिली. "आई, सकाळी सहाची फ्लाइट आहे आमची. टीमसोबत राहावं लागते. मले एकटीले सोडत नाहीत, विचारावं लागते मॅनेजरले."

"कुठं आहे मॅनेजर?"

"मी विचारते ना."

"तू कायले विचारशील? मुलगी विचारते काय? मुराळी विचारतो."

मॅनेजर सोनिया नावाची पोरगी होती, परागपेक्षा लहान, गळ्यात ओळखपत्र, कानात बटण. कागद वाचत होती. मी जन्मात कोणापुढे हात जोडले नाहीत. सासूपुढे नाही, कारखान्याच्या साहेबापुढे नाही. तिच्यापुढे मी डबा ठेवला आणि दोन्ही हात जोडले.

"बाई, आमच्या घरी महालक्ष्म्या आहेत. आमची मुलगी तुमच्याकडे आहे. तुम्ही तिले चांगलं ठेवलं, तुमचे उपकार आहेत. आजच्या दिवस तिले पाठवा."

सोनियानं शमूकडे पाहिलं. शमू जमिनीकडे पाहत होती, सासरची सून उभी राहते तशी. सहा फूट एक इंच.

"आंटी, आप प्लीज़ हाथ मत जोड़िए," सोनिया घाबरून म्हणाली. "रूल तो है... साढ़े आठ तक वापस छोड़ देंगे?"

"आठ वीस," मी म्हटलं. "माझा शब्द." डबा उघडून तिच्या हातावर दोन पोळ्या ठेवल्या. तिनं तिथंच एक तुकडा मोडला.

ऑटोत शमूचे पाय मावत नव्हते, एक पाय बाहेरच्या दांड्यावर. ती म्हणाली, "आई, तू खेळ पाहिला?"

"पाहिला."

"कसा वाटला?"

"पडते फार."

"आजच पडली."

"खोटं नको बोलू. गुडघ्याले पट्टा काय हौसेनं बांधला?" मग म्हटलं, "तुले आधीच कसं कळते, चेंडू कुठं येणार?"

ती माझ्याकडे वळली. एवढ्या वर्षांत तिच्या कामाबद्दल मी विचारलेली ही पहिली गोष्ट. पूर्ण रस्ताभर ती सांगत राहिली, हातानं दाखवत, ऑटोवाल्याच्या पाठीवर कोपर लागेपर्यंत. मला निम्मंही समजलं नाही. मी हो हो म्हणत होती.

घरी ममतानं भाकरतुकडा ओवाळून पायांवर पाणी घातलं, जसं इंदूताईवर घातलं होतं. इंदूताई रडली. शमू महालक्ष्म्यांसमोर उभी राहिली, वाकून नमस्कार केला. जेवायला पाटावर बसायला गेली तर गुडघा वळेना. पराग खुर्ची आणायला धावला. मी म्हटलं, राहू दे, आणि तिचं ताट ओट्यावर मांडलं. तिनं उभ्यानं आंबील प्यायली, सोळा भाज्या चाखल्या, चार पुरणपोळ्या खाल्ल्या, आणि मी शेजारी उभी राहून तूप वाढत राहिली. सकाळपासून मी जेवली नव्हती, हे तिनं ओळखलं. एक घास माझ्या तोंडात कोंबला. मी बोलत होती म्हणून ठसका लागला.

आठ वाजायला आले तेव्हा पराग गाडी काढायला बाहेर गेला. ती दारात उभी राहिली. सहा वर्षांपूर्वी उभी होती तशीच, बॅगेचा पट्टा सारखा करत. ह्या वेळी मला कळलं ती कशासाठी उभी आहे.

"पुढल्या वर्षी ये," मी म्हटलं. आवाज माझा वाटला नाही.

"न्यायले कोण येईल?"

"मी."

"स्पेनले?"

"तिथं काय माणसं राहत नाहीत?"

"पासपोर्ट लागते आई. व्हिसा लागते. अठरा-अठरा तास बसावं लागते."

"बसेन. तिथं तुह्या घरी मोठं माणूस कोण आहे, त्याले विचारीन, अन् घेऊन येईन."

"तिथं मोठं कोणी नाही," ती म्हणाली. "मीच आहे."

मग गाडीचा हॉर्न वाजला. वाकून, डोकं सांभाळून ती बसली. गाडी भनपुरीच्या ट्रकांमध्ये शिरली आणि तिचा लाल दिवा बाकीच्या लाल दिव्यांसारखाच झाला. मी तरी पाहत राहिली. इंदूताई आतून म्हणाली, "वहिनी, आत ये, डास येतात." मी म्हटलं, येऊ दे.

दुसऱ्या दिवशी ममतानं महालक्ष्म्यांवर अक्षता टाकल्या आणि म्हणाली, पुढल्या वर्षी या. दरवर्षी आम्ही त्यांना म्हणतो. दगडाला, पितळेला, मुखवट्याला म्हणतो. मी आतल्या खोलीत जाऊन बसली.

दिवाळीनंतर परागनं मला पासपोर्ट ऑफिसात नेलं. फोटो काढताना म्हणाले, दात दाखवू नका. मी म्हटलं, कोण दाखवून राहिलं? सही करताना सुशीला दिवाकर लिहिता लिहिता ओळ खाली गेली. पासपोर्ट आला, निळा. तो मी परागकडे दिला नाही.

डिसेंबरात नवं कॅलेंडर आलं. परागला म्हटलं, महालक्ष्म्या कधी आहेत पाहा. त्यानं पानं उलटली, मग पुन्हा मागे गेला. "आई, अगले साल अधिक महीना है."

म्हणजे सगळे सण उशिरा. ह्या वर्षीसारखं एक तारखेला नाही, सप्टेंबरच्या अठरा तारखेला जेवण. सतरा दिवस जास्त.

रविवारी फोनवर शमूला सांगितलं. "सतरा दिवस?"

"हो ना."

"पुढल्याच वर्षी यायचं होतं काय अधिक महिन्याले?"

"मी काय पंचांग छापते? मले काय विचारते?" मी म्हटलं.

ती हसली. फोन ठेवल्यावर मी कॅलेंडर घेऊन परागजवळ बसली आणि त्याला म्हटलं, नीट पाहा, कुठं चुकलं तर नाही.